मिस्त्री म्हणून आलेले इवाई

अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात भर मे महिन्यात जो माणूस हसतमुखाने काम करतो तो एक तर वेडा असावा, नाहीतर माझ्या धाकट्या भावाचा सासरा असावा. तिसरी शक्यता मी पंचावन्न वर्षांत पाहिलेली नाही. ऊन पंचेचाळीसच्या पुढे सरकलं की आमच्याकडे देवळातला पुजारीसुद्धा आरती उरकून घेतो. मी तर सरकारी कचेरीतला कारकून. मला डिसेंबरातही काम करताना आनंद झाल्याचं आठवत नाही. आणि हे गृहस्थ गेली चाळीस वर्षं अकोल्याच्या जुन्या शहरात कूलर दुरुस्त करतात. म्हणजे जग जेव्हा कूलरसमोर आडवं होतं, तेव्हा हे कूलरच्या मागे उन्हात उभे असतात, आणि तिथे उभं राहून चर्चमधलं एखादं गाणं गुणगुणतात. गाण्याची लय आणि स्क्रू फिरवण्याची लय एकच असते. स्क्रू गंजलेला निघाला तर ते तेच कडवं पुन्हा घेतात, शिवी देत नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर त्या स्क्रूचं खानदान काढलं असतं.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पहिली कपड्यांची. कामावर येताना पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. चर्चमध्ये मात्र विटका, कोपराला ठिगळ लावलेला. मी एकदा म्हटलं, "अहो, लोक उलटं करतात." तर म्हणाले, "चर्चमधी तो मले ओळखते न. लोकाच्या घरी कोन ओळखते?" दुसरी सवय ऐकण्याची. कूलर उघडण्याआधी ते त्याच्या पत्र्याला कान लावून चांगली पाच मिनिटं उभे राहतात, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. "बोलते तो. आपन आयकत नाही," असं वर आपल्यालाच सुनावतात. तिसरी सवय मला सगळ्यात जास्त चकित करते. कोणत्याही मिस्त्रीला बोलवा, मग तो नळाचा असो की विजेचा, आल्या आल्या तो कपाळाला आठ्या घालून विचारतो, "हे कोणत्या गाढवानं केलं?" मिस्त्री लोकांचा हा मंगलाचरणाचा श्लोकच असतो. यांनी तो कधीच म्हटला नाही. आधीच्या माणसाने वायरीला चिंधी बांधून ठेवलेली असली, तरी हे ती चिंधी सोडवताना एवढंच म्हणणार, "घाई असन बिचाऱ्याले."

कूलरच्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांमधलं जुनं गवत काढून नवं भरताना ते एकेक झुबका बोटांनी विंचरतात. टाकी आतून घासून, कोरडी करून तिला डांबराचा हात देतात, आणि तेवढ्यावर न थांबता भिंतीकडची, कोणाच्याही नजरेस न पडणारी बाजूही पुसतात. मी कंटाळून म्हटलं होतं, "मागचं कोण पाहतं हो?" म्हणाले, "चिमन्या पायतात. शेजारी पायतात. आन वरूनही दिसते." बटण दाबण्याआधी क्षणभर डोळे मिटतात. प्रार्थना करता का, असं विचारल्यावर म्हणाले, "करतो न. शॉक लागू नये म्हून. पन मेन स्विच पयलेच बंद करून ठेवतो. प्रभूले उगाच कायले कामाले लावा?" एवढ्या भक्तीचा त्रासही होतो म्हणा. दिवाळीत सकाळी सकाळी फोन करून हे गृहस्थ आमच्या आधी कूलरची तब्येत विचारतात. झाकला का, कशानं झाकला, पाणी पुरतं काढलं का. मग आठवण झाल्यासारखं विचारतात, "आन तुमी सारे मजेत?"

आता हा अकोल्याचा मिस्त्री अमरावतीला आमच्याकडे कसा, ते सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी अकोल्याला गेला आणि तिथे यांच्या मुलीशी त्याने लग्न ठरवलं. मुलगी शिक्षिका, गुणी, हसरी, पण ख्रिस्ती. आमचे आप्पा शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्या गावाला समता शिकवलेले, पण सून ख्रिस्ती हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. ते लग्नाला गेले नाहीत. भावाला निरोप धाडला, तू ये, तिले आनू नको. भाऊ म्हणाला, मग मीही येत नाही. झालं, घराचे दोन तुकडे झाले. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप हे एकमेकांचे व्याही, आमच्या वऱ्हाडात इवाई; ते नातं कागदावर झालं आणि माणसांत झालंच नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आमचा कूलर बंद पडला. मी भावाशी फोनवर बोलता बोलता कुरकुरलो. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फाटकात इस्त्रीचा पांढरा शर्ट उभा. पहाटेच्या एसटीने आले होते. "कूलरवाला आलो, गुरुजी," एवढंच म्हणाले. आप्पांनी लग्नाचा फोटो पाहिलेला होता. त्यांनी ओळखलं, हे मी शपथेवर सांगतो. पण ओळख दाखवली नाही. "मागच्या बाजूनं या, मिस्त्री," म्हणाले. आणि इवाई मिस्त्री झाले. पाहुण्याला कपबशी, मिस्त्रीला ओट्यावर स्टीलचा गिलास. आप्पांनी त्या नियमात तसूभर फरक केला नाही. यांनीही गिलास असा धरला की जणू तोच हवा होता.

असे सहा उन्हाळे गेले. पुढे दर मार्चमध्येच हे येत, कूलर नवा करून जात. सुनेचं नाव निघत नसे, भावाचं निघत नसे. मला चीड यायची. एकदा त्यांना स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मी बोलून गेलोच, "तुम्ही एवढं का सहन करता हो? नोकरासारखं वागवतात तुम्हाला." ते खिडकीतली जागा धरून बसले होते. म्हणाले, "इवाई म्हून आलो असतो तं फाटकातून परत गेलो असतो. मिस्त्री म्हून आलो, तं तुमच्या आतल्या खोलीपावतर जातो. माह्या पोरीचं घर हाय ते. एक ना एक दिवस येईन ते तिथं." मी म्हटलं, "आणि नाही आली तर?" म्हणाले, "तरी काम तं नीटच करा लागन न. ते थोडीच गुरुजीसाठी करतो मी." गाडी हलली. मी घरी येऊन आप्पांशी दोन दिवस बोललो नाही, आणि आप्पांना कारण विचारायची हिंमत झाली नाही.

यंदा मार्च उलटला, ते आले नाहीत. भावाने फोनवर सांगितलं, थंडीपासून उजवा हात थरथरतो, डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय, आता काम होणार नाही. मी इथलाच एक मिस्त्री बोलावला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आल्या आल्या तो गाढवाचा श्लोक म्हटला, वीस मिनिटांत आटपून गेला. आप्पा तीन दिवस धुसफुसत होते. गवत कसं कोंबलंय पाहा, झाकण कसं बसवलंय पाहा. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यांनी स्वतः कूलरचा पंप काढून कापडी पिशवीत घातलेला. "बिघडला हा. अकोल्याले दाखवा लागते," म्हणाले. तासाभरापूर्वी त्याच पंपाचं पाणी ताट्यांवरून व्यवस्थित ठिबकताना मी ऐकलं होतं. पण मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात काही वेळा मीही शहाण्यासारखा वागलो आहे.

एसटीत आप्पांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, गल्लीत, दोन खोल्यांचं घर. दार सुनेनेच उघडलं. वडिलांची काळजी घ्यायला ती आणि भाऊ सध्या तिथेच राहत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा सासरा दारात. ती गोंधळली, मग म्हणाली, "या बाबा." आप्पांनी मान हलवली आणि जमिनीकडे पाहत आत गेले.

इवाई खाटेवर बसले होते. हात मांडीवर आपला आपला हलत होता, जणू तो त्यांचा नव्हताच. आप्पांनी पिशवी पुढे केली. "पाहा जरा. चालत नाही." त्यांनी पंप घेतला, डाव्या हाताने उलटासुलटा केला. चाळीस वर्षांच्या कारागिराला काय कळायचं ते कळलंच असणार. ते आप्पांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. झाकनाचा स्क्रू ढिला हाय." चांगल्या वस्तूत दोष काढायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

पेचकस हातात घेतला, पण टोक खाचेत बसेना. एकदा घसरलं, दोनदा घसरलं. मला बघवेना. सून पुढे झाली, पण तिच्याआधी आप्पांनी तो पेचकस काढून घेतला आणि खाटेवर त्यांच्या शेजारी टेकले. "सांगा, कसं करू."

"उजवीकडे, गुरुजी. हयू. हयू करा न, एवढा जोर नका लावू. तुमी स्क्रू नाही आवळून राहिले, पोराचा कान पियून राहिले."

आप्पांना हसू आलं. कित्येक वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मले काय समजते यातलं, इवाई."

शब्द गेला तो गेलाच. सून जागच्या जागी उभी राहिली. भाऊ आतल्या दारात होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इवायांच्या डोळ्यांतून सरळ पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. कदाचित हात वर नेववत नसेल. "समजन, इवाई," ते म्हणाले. "शिकवतो न मी."

मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. जे नातं त्या हाताने सहा वर्षं खपून मिळवलं, ते हात गेल्यावर हाती आलं. तो हात आता बरा होणार नाही, आप्पा पंच्याऐंशीचे आहेत, आणि दोघांकडे किती उन्हाळे शिल्लक आहेत कोण जाणे.

जेवायची वेळ झाली होती. आप्पा नको म्हणाले नाहीत. ताटं वाढली, आप्पांनी भाकरीला हात घातला आणि थांबले, कारण बाकी सगळ्यांनी डोळे मिटले होते. इवाई हलत्या हातावर दुसरा हात दाबून धरून म्हणाले, "प्रभू, तू गुरुजीचा पंप बिघडवला, तुये लय उपकार हायेत." एवढीच प्रार्थना. "आमेन" झालं, सगळ्यांनी डोळे उघडले. आप्पांचे मिटलेलेच होते. थोड्या वेळाने सुनेने त्यांच्या ताटातली गार भाकर उचलली, तव्यावरची गरम ठेवली आणि हळूच म्हणाली, "बाबा, जेवा न."