पाण्याआधी पोहे नाहीत

माझ्या बहिणीची सोयरीक हुंड्यावरून नव्हे, मानपानावरून नव्हे, तांब्याभर पाण्यावरून मोडायला आली होती. पाण्याचा दोष नव्हता, माझा होता. इतकी वर्षं मी घरात हा विषय काढला नाही. कशाला काढायचा? घरात सगळ्यांना ठाऊकच आहे!

सत्तरच्या दशकात मी मुंबईला कॉम्प्युटर शिकत होतो. (हात लावायला मिळाला नव्हता, काचेतून पाहिला होता.) यंत्राला काम सांगायचं तर कोणत्या कृतीआधी काय झालेलं असलं पाहिजे ते पक्कं सांगावं लागतं, एवढं मला कळलं होतं. सुट्टीत घरी, आष्टीला आलो, तर सिंधूला बघायला भोकरदनचे पाहुणे येणार! मी घराचंच यंत्र केलं.

"पाहुणे पाणी प्याले, की आईनं पोहे द्यायचे. पोहे संपले, की अण्णांनी सिंधूला हाक मारायची. मधी कुणी आपलं डोकं चालवायचं न्हाई. बराबर?"

"बराबर," अण्णा म्हणाले. शिकलेल्या पोराला काय बोलणार?

पाहुणे आले. मी पाणी पुढं केलं. मुलाच्या वडिलांनी तांब्याला बोटं लावून नमस्कार केला आणि तो बाजूला सरकवला. मुलगी पसंत पडेपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत, त्यांनीच सांगितली!

ही रीत माझ्या यंत्राला माहीत नव्हती.

आई दाराआडून पुटपुटली, "पोहे देऊ का रे?"

"पाणी प्याले?"

"न्हाई."

"मंग न्हाई!"

अण्णा पावसावर बोलले. मग कापसावर. मग पुन्हा पावसावर. पाहुण्यांच्या घशाला कोरड, आतल्या पोह्यांना कोरड. शेवटी मुलाचे वडील टोपी सारखी करत उठले.

"पाव्हणे, पोरीत काही खोट असंल तर साफ सांगायचं होतं. आम्ही काय इथं पाऊसपाणी ऐकाया आल्तो?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी तांब्याकडं.

तेवढ्यात, कुणी हाक न मारता, सिंधूच बाहेर आली.

"मामा, बसा बरं." (लग्नाआधीच सासऱ्यांना मामा!) "आधी मला बघा, मंग पाणी प्या. पोह्यांचा दगड होऊन राह्यलाय. दादाच्या हिशेबानं चाललो तर तुमचा नवरदेव म्हातारा होईल!"

मामा खो खो हसत खाली बसले आणि घटाघटा सगळा तांब्या प्याले. "पोरगी बिलकुल पसंत! हिला सांगावं लागत न्हाई." मग माझ्याकडं बघून अण्णांना म्हणाले, "ह्याला मात्र लग्नात काही काम सांगू नका."

नाहीच सांगितलं. फक्त फोटोला उभा केला. फोटोग्राफर म्हणाला, "हलू नका." पंगत बसली, उठली, गाडीत सामान चढलं, तेव्हा सासरी निघालेली सिंधू रडता रडता ओरडली, "अरे, दादाला कुणीतरी जेवायला जा म्हणा रे!"