अंकलची जोडी

अंकल कॉम्प्युटर विकत घ्यायचे ते नाकाने. वसईतल्या आमच्या भंगारच्या दुकानात नवा डबा आलेला दिसला की आधी चष्मा कपाळावर, मग डब्याची मागची जाळी नाकाशी. बाजारात बाई पापलेटचे कल्ले उघडून बघते, अगदी तसं. "समुद्रकाठचा, राजोडीचा आहे हा. खारा वारा प्यायलाय. आतून हिरवा झाला असणार." आमचे हे पैजेवर डबा उघडायचे. आत खरंच तांबं हिरवं पडलेलं! पैजेचा चहा दरवेळी आम्हीच पाजला.

अंकल जवळच्याच नंदाखाल गावचे. घरची केळीची बाग, टेलिफोनमधली नोकरी संपलेली, आणि रिकामपणी हा नाद. कॉम्प्युटर चालवणारा एक मूळ प्रोग्राम देशोदेशीची माणसं मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. तो अंकलना टाकून दिलेल्या जुन्या मशीनवर चालवायचा होता. "नवरीला कोणीही नाचवतं, बाय," ते म्हणायचे. "म्हातारीला नाचवून दाखवा!"

मी मेहकरकडची. चौथीत शाळा सुटली, लग्न होऊन इतक्या लांब आले. इंग्रजी अक्षर दिसलं की मी नजर फिरवायची. अंकलना ते सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकांत माझं मत विचारणारे तेवढे एकच. कळलं तर तेही विचारायचे थांबतील, ही भीती.

मशीन निवडायचे त्यांचे नियम पक्के. रुबाबदार, एकुलतं एक नको. "त्याच्यावर चालवलं तर वापरणार कोण, राजा?" ते यांना विचारायचे. जे ढिगाने भंगारात पडतं तेच हवं. आतला नकाशा, कागदपत्रं मिळत नसतील तर अजिबात नको. "स्थळ देखणं, पण घराणं सांगत नाहीत. देशील का मुलगी?" आणि घ्यायची ती जोडीच, एक कामाला, एक पडताळायला. "एकटाच घेतला आणि मेला, तर काय त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा ठेवू?"

एका बंद पडलेल्या ऑफिसातून एकाच ढंगाचे अकरा चपटे डबे आले. अंकल हरखले. हुंगून हुंगून जोडी निवडली आणि पुढे सुटे भाग लागले तर म्हणून उरलेल्या डब्यांतल्या चिपांवरचे नंबर वहीत उतरवायचं काम मला दिलं.

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. वाचता येईना, म्हणून मी चित्रं काढली. रांगोळी उतरवावी तशी. अक्षरं, ठिपके, ओरखडे, दिसलं ते सगळं. बोर्ड उलटा करून पाठीमागचंही. मग वही पाहून मला लाज वाटली आणि ती मी गोण्यांखाली दडपली. अंकलनी विचारलं की म्हणायची, "व्हायचंय अजून."

तीन महिने गेले. अंकलचं तोंड उतरत चाललं. जोडीतल्या एका डब्यावर प्रोग्राम छान चालायचा, दुसऱ्यावर निम्म्यात गोठायचा. "माझंच लिहिणं चुकतंय. वय झालं, बाय. सोडतो हा नाद."

"सोडा की," आमचे हे म्हणाले. "किलोवर घेतो परत."

मला हसू आलं नाही. गोण्या सरकवून वही काढली. "अंकल, रागावू नका. मला इंग्रजी येत नाही. पण हे डबे सगळे सारखे नाहीत. काहींच्या बोर्डाच्या पाठीला केसाएवढी तार डकवलीय, काहींच्या नाही. पुसताना बोटाला लागते."

अंकल पान उलटत राहिले. मग धावत घरी गेले आणि जोडी घेऊन आले. उघडून पाहिलं, तर चालणाऱ्याला तार, गोठणाऱ्याला नाही.

"कारखान्याने मागाहून केलेली दुरुस्ती ही! मी बसलो नंबर वाचत, पाठ बघितलीच नाही." मग एकदम माझ्याकडे वळून, "आणि तू इतके दिवस वही गोण्यांखाली ठेवलीस, येडे?"

अंकलनी बिनतारेच्या डब्यांसाठी प्रोग्रामात वेगळी सोय लिहिली आणि पंधरा दिवसांत दोन्ही डबे चालले.

पुढे मुलाकडे परदेशी जायला निघाले, तेव्हा अंकलनी जोडी आमच्या दुकानात आणून मांडली. पडद्यावर इंग्रजी ओळीच ओळी. "मदत करणाऱ्यांची यादी आहे. प्रोग्रामबरोबर जगभर गेलीय. शोध तुझं नाव."

"अंकल, मला कुठे..."

"वाचू नकोस. वहीतल्या पाच चित्रांना मी गोल केलाय, क्रम घालून. तीच शोध."

मी पडद्यावर बोट फिरवत गेले. खालून चौथ्या ओळीला थांबले. नागाचं वळण, पेला, दोन डोंगर, शिडी, आणि शेवटी दोन काठ्यांना जोडणारी तिरकी रेघ. पाचही ओळखीची, चिपांवरून उतरवलेली. सुमन.

अंकल परत आले नाहीत. जोडी अजून फळीवर आहे. दर दिवाळीच्या साफसफाईला यांचा प्रश्न असतो, "काढू का किलोवर?"

मी जाळीला नाक लावते आणि सांगते, "थांबा. अजून खारा वारा लागलेला नाही."