सिंगिंग नव्हे, सिंजिंग

आमची कंपनी परदेशातल्या एका कापडगिरणीसाठी सॉफ्टवेअर करत होती. गिरणीत विणलेलं कापड ज्योतीवरून झरकन नेतात. वरची लव जळते, कापड शाबूत राहतं. या हलक्या जाळण्याला इंग्रजीत सिंजिंग म्हणतात. मी नारायण पेठेतल्या मराठी शाळेची. स्पेलिंगमध्ये जी दिसला, ग म्हणून मोकळी झाले. क्लायंटच्या फोनवर, सगळ्यांदेखत, 'सिंगिंग विभाग' म्हणाले.

क्लायंट पुढचं बोलू लागला. हसले ते आपल्याच ऑफिसातले. दुसऱ्या दिवसापासून, "या गवईबुवा, आज कोणता राग?" राग एकच होता, तो माझ्या नाकावर होता. साहेबांनी मला फोनवरून काढलं. गिरणीत जाऊन काम बसवून द्यायला परदेशी मी जाणार होते, तेही बारगळलं. सगळा प्रोग्रॅम मी लिहिलेला, आणि एका अक्षरावरून मी बाद. संताप संताप झाला नुसता.

तिरीमिरीत बुधवार पेठेतून जाडजूड डिक्शनरी आणली. बघते तर काय, हा शब्द म्हणे हजार वर्षांपूर्वी मुळात गाण्याच्याच घरातला असावा. जळताना वस्तू सूं करते, म्हणून जाळणं म्हणजे 'गायला लावणं'. आता यात नवल ते काय? आपल्याकडे करपतं, पोळतं, होरपळतं, पण तापल्या तव्यावर पाणी पडलं की चर्र वाजतं. आणि माणसाला चटका बसला तरी काळजात चर्रच होतं.

ते पान उघडून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं.

"बरं मग? हजार वर्षांपूर्वीचा क्लायंट मिळाला की तुम्हालाच पाठवू."

"आणि हा आत्ताचा क्लायंट? पहिल्या दिवसापासून माझ्या नावातला ळ खाऊन मला भलत्याच नावाने हाक मारतोय. त्याला कोणी हसलं नाही ते?"

"त्याने हाक मारली की तुम्हीच 'येस' म्हणत होतात," साहेब शांतपणे म्हणाले.

चर्र झालं. खरं होतं ते, म्हणून जास्तच झोंबलं.

संध्याकाळी क्लायंटचा फोन चालू असताना मी न बोलावता आत गेले. साहेबांनी डोळे वटारले. मी क्लायंटला माझं नाव सांगितलं, आणि नीट येईपर्यंत म्हणायला लावलं. परदेशी दुसरंच कोणी गेलं. पण तिथून फोन आला, की क्लायंट आधी माझं नाव घ्यायचा, अगदी ‘ळ’सकट.