मार्था आत्यासकट गाडी वर आली

वर यायला हवं होतं इंजिन. वर आली गाडी.

चिंचेच्या जाड फांदीला कप्पी बांधली होती. दोराच्या एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला आम्ही चौघं. जोर लावला तशी गाडीची पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. मागच्या सीटवर मार्था आत्या लग्नाच्या जेवणासाठी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या टोपलीसकट मागे रेलल्या आणि अगदी शांतपणे मला म्हणाल्या, "बस्त्याव, मला कुठं नेतोस?"

लग्न माझंच होतं. येत्या रविवारी. आणि गाडी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची होती.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी अंधेरीला एका गॅरेजमध्ये फोरमन होतो. सासरे, म्हणजे इनास अंकल, बँकेतून रिटायर झालेले. निर्मळजवळ त्यांची केळीची वाडी होती. त्यांच्याकडे एक जुनी विलायती गाडी होती, काळी, लांब नाकाची, मोठ्या गोल दिव्यांची. गावातल्या कितीतरी नवऱ्या त्याच गाडीतून चर्चला गेल्या होत्या. अंकल स्वतः चालवायचे आणि दुसऱ्या कुणाला दारसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आता त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, हिल्डाचं, लग्न आलं आणि नेमकी गाडी बसली. इंजिन सुरू व्हायचं, गिअर पडायचा, पण गाडी जागची हलायची नाही.

मी ऐकताक्षणी ओळखलं की क्लच प्लेट गेली. ही प्लेट भाकरीएवढी गोल असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ती दाबून धरलेली असते. इंजिनाची ताकद तिच्यातूनच पुढे चाकांकडे जाते. तिच्यावरचं लायनिंग, म्हणजे खरखरीत थर, झिजलं की इंजिन नुसतं ओरडतं. प्लेट बदलायची तर दोघांना वेगळं करावं लागतं. गॅरेजात हे रोजचं काम. म्हटलं, गाडी टो करून अंधेरीला नेऊ.

अंकलनी साफ नकार दिला. दोरी बांधलेली गाडी गावातून गेलेली त्यांना चालणार नव्हती. वर म्हणाले, "उघडायची तर इथेच उघड. माझ्या डोळ्यांसमोर."

त्यांच्या बोलण्यातली मेख मला कळत होती. हिल्डासाठी त्यांनी बँकेतला मुलगा बघून ठेवला होता. तिने मेकॅनिक निवडला. ते तोंडाने कधी काही बोलले नाहीत, पण माझ्याशी हात मिळवला की माझ्या नखांकडे बघायचे. मी म्हटलं, करतो.

आमच्या सेठकडे दोन दिवस आधीची रजा मागितली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सुट्टी लग्नाची घेतोस की गाडीची?"

"सेठ, गाडी चालली तर लग्नाची."

अंकलच्या घरी पिट नव्हता, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा. इंजिन उचलायची चेन ब्लॉकही नव्हती. मला माझा शाळूसोबती मोतीराम आठवला. पाचूबंदरचा मच्छीमार. त्याच्याकडे होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या जोडकप्प्या होत्या. दोर चार-पाच वेळा फिरवला की मोठं वजनही दोन माणसांना हलतं. तो सायकलला दोराचं भेंडोळं अडकवून सकाळीच हजर झाला. गाडीचं तोंड उघडून बघत म्हणाला, "हीच्यात पानी किती हाय ते आदी काड. मग वजनाचं बगू."

पाणी काढलं, ऑइल काढलं. बॉनेट उतरवलं. रेडिएटर, कार्बोरेटर, वायरी, सायलेन्सरचा पाइप, सगळं एकेक करून बाजूला गोणपाटावर मांडत गेलो. अंकल खुर्ची टाकून समोर बसले होते. प्रत्येक भाग सुटला की त्यांचा चेहरा दाढ काढल्यासारखा व्हायचा. गिअरबॉक्स खाली पडू नये म्हणून त्याला जॅकचा टेकू दिला. तो इंजिनाला ज्या बोल्टांनी जोडलेला असतो ते गोलाकार बसवलेले असतात. एकामागून एक सोडवले. इंजिनाला साखळी बांधली.

मार्था आत्या म्हणजे अंकलची थोरली बहीण. लग्नघरात बसायला गाडीइतकी गार जागा नाही म्हणून त्या सकाळपासून मागच्या सीटवर होत्या. मी दोनदा उतरायला सांगितलं. "लसूण संपू दे," एवढंच म्हणाल्या. इंजिन पुढून निघणार, त्या मागे, म्हणून मीही हट्ट केला नाही.

दोर ओढायला मी, मोतीराम, अंकल आणि हिल्डा. हिल्डाला तिच्या आईने उन्हात यायची बंदी केली होती. ती डोक्यावर टॉवेल घेऊन आली.

तर गाडी वर आली. आत्यांनी तो प्रश्न विचारला आणि आधी हिल्डा हसली. ती हसली म्हणून मोतीराम. हसू आलं की हातातलं बळ जातं, हे मला त्या दिवशी कळलं. दोर सरकायला लागला. मी "हसू नका, धरा" म्हणत होतो आणि मलाच बोलता येत नव्हतं. मोतीरामने आधीच चिंचेच्या बुंध्याला दोराचा वेढा घेऊन ठेवला होता, म्हणून गाडी आपटली नाही. मग माझ्या मागून घुर्र असा आवाज आला. वळून बघितलं तर इनास अंकल. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. हिल्डा नंतर म्हणाली, पपांना असं हसताना तिने पहिल्यांदाच बघितलं.

"नांगर काडायचा रायलाय वाटतं," मोतीराम म्हणाला.

तेच झालं होतं. कुठला तरी बोल्ट राहिला होता. इंजिन गिअरबॉक्सला धरून, गिअरबॉक्स गाडीला धरून. हळूहळू दोर सोडला, गाडी चाकांवर टेकवली. टांगलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नसतं, कितीही घाई असली तरी. मग टॉर्च घेऊन चाचपलं. सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या, मागे एक बोल्ट ग्रीसने पार झाकून गेला होता. माझा हात तिथे जाईना. मोतीरामचा तर त्याहून नाही.

हिल्डा बाही वर करत पुढे आली. तिची आई ओट्यावरून ओरडली, रविवारी लग्न आहे. हिल्डा म्हणाली, त्यासाठीच करते. मी तिच्या हातात पाना दिला, कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगितलं. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. ओठ चावून ती कितीतरी वेळ झटत होती. मग कट्ट असा आवाज झाला आणि तिने माझ्याकडे बघितलं. लग्नाचा होकार देताना तिचा चेहरा इतका फुलला नव्हता.

पुन्हा दोर ताणला. या वेळी मी इंजिन पुढे ओढत, डावी-उजवीकडे हलवत होतो. एकदम ते सुटलं आणि वर आलं. चिंचेखाली झुलायला लागलं, स्वतःभोवती सावकाश फिरत. तांदूळ निवडणाऱ्या बाया उठून आल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. पुढचं ओझं गेल्यामुळे स्प्रिंगवर गाडीचं नाक वर झालं. आत्या म्हणाल्या, "आता बरी बसली. मघाशी पाठ दुखत होती." त्यांच्यासकट गाडी मागे ढकलली आणि इंजिन जुन्या टायरांवर उतरवलं.

प्लेट बाहेर काढली तर पापडासारखी झाली होती. दुसऱ्या दिवशी मुंबईला नेऊन तिला नवं लायनिंग मारून आणलं. इंजिन परत बसवताना मात्र कुणी हसलं नाही. गिअरबॉक्सचा दांडा प्लेटच्या भोकात बरोबर शिरावा लागतो, सुईत दोरा ओवावा तसा, फक्त सुई दीड-दोन माणसांच्या वजनाची. अंकल जमिनीवर आडवे होऊन मला थोडं वर, थोडं खाली सांगत होते. त्यांच्या शर्टाची पाठ काळी झाली. दांडा आत सरकला तसा त्यांनी माझा खांदा दाबला आणि हात धुवायला गेले.

रविवारी मी चर्चमध्ये उभा होतो, नवा सूट घालून. लोक दाराकडे बघत होते. मी कान देऊन होतो. रस्त्याच्या वळणावर ती गाडी आली. अंकलनी क्लच दाबला, गिअर खाली घेतला, क्लच सोडला. ना धक्का, ना करकर. लोणी कापावं तसा गिअर पडला. मला इतका आनंद झाला की मी जोरात "वा" म्हणालो. फादरना वाटलं, नवरीला बघून म्हणालो. हिल्डा अजून गाडीतून उतरायची होती.

पुढे गॅरेजात नवीन माणसांना मी एकच गोष्ट सांगत आलो. इंजिनाऐवजी गाडी वर येत असेल तर जोर वाढवू नका. खाली टेकवा, बोल्ट शोधा. आणि मागच्या सीटवर कुणी आहे का, ते आधी बघा.