उस्तादांचा उजवा पाय

रावसाहेब उस्ताद कुठेही बसलेले असोत, समोरून कुणी घाईने आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. लग्नाच्या मांडवात वाढपी जिलेबीची परात घेऊन भरधाव निघाला, तरी खुर्चीखाली उस्तादांचा ब्रेक लागलेला असे. त्यांचा उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटवर गेला. त्या बाजूला त्यांच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता. आमच्यासारखे शिष्य चुकले की गाडी ते थांबवत. आमच्यासारखे म्हणजे मुख्यतः माझ्यासारखे.

मी पाटबंधारे खात्यात होतो. दुष्काळाची वर्षं होती आणि आमच्या खात्यात पाणी सोडून सगळं होतं. शहर चहूबाजूंनी पसरत चाललं होतं. त्या लाटेत आम्हीही बीड बायपासच्या पलीकडे घर घेतलं. तिथे रिक्षा यायला तयार नसे, फक्त पाण्याचे टँकर यायचे. पत्नी मला स्कूटीवर मागे बसवून ऑफिसला सोडायची. मी डबा मांडीवर धरून बसायचो. गेटवरचा शिपाई तोंड फिरवून हसायला लागला, तेव्हा मी पन्नाशीत गाडी शिकायला निघालो.

उस्तादांनी मला पहिल्या दिवशी रस्त्यावर नेलंच नाही. "आधी मोकळी जागा पाहिजे, साहेब," ते म्हणाले. "तुमच्यासाठी नाय, लोकांसाठी."

पण मोकळी जागा होती कुठे? सिडकोकडचे प्लॉट केव्हाच भरून गेले होते. शेवटी फुलंब्रीच्या रस्त्याला एक पाझर तलाव होता, त्याच्या कोरड्या तळात आम्ही गाडी उतरवली. तळाला भेगा पडल्या होत्या. तो तलाव आमच्याच खात्याने बांधलेला. "बगा, तुमचं खातं कुठंतरी कामाला आलं," उस्ताद म्हणाले. मी हसलो, कारण नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"डोकं घरी ठिवत जा, साहेब. हितं पायाला समजू द्या," हे त्यांचं पालुपद. माझं डोकं घरी राहायला तयार होतं, पण पायाला काही समजत नव्हतं. ब्रेक म्हणून मी नेमका अ‍ॅक्सिलरेटर दाबायचो. मग उस्तादांचा पाय खाली जायचा, गाडी जागच्या जागी थांबायची आणि ते डोळे मिटून, दातओठ खाऊन चेहरा असा वाकडा करायचे की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इतका वाईट अभिप्राय मला वरिष्ठांनीही कधी दिला नव्हता. एकदा मी स्टिअरिंग सोडून हातच जोडले. म्हटलं, "उस्ताद, राहू द्या. माझ्यापायी तुम्हाला इतका त्रास नको."

त्यांनी बूट काढून पाय दाखवला. घोटा सुजून टरटरला होता.

"तरणा होतो तवा जीपखाली मोडला," ते म्हणाले. "जुळला, पण आता आतली गादी पार झिजली म्हणतेत. हाडावर हाड घासतंय. दाबला की डोळ्यापुढं काजवे."

मला एकदम हलकं वाटलं. माणसाच्या दुखण्याने हलकं वाटावं हे वाईटच, पण वाटलं खरं. "म्हणजे तोंड वाकडं करता ते माझ्या गाडी चालवण्यामुळे नाही?"

"त्याच्यामुळंबी हायेच की," उस्ताद म्हणाले.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना ते मला सोबत घेऊन गेले. शिकलेला माणूस, डॉक्टरचं बोलणं ध्यानात ठेवील, अशी त्यांची समजूत. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे घोट्याची हाडं कायमची जोडून टाकायची. दुखणं बहुतेक जाईल, पण घोटा तिथे वाकणार नाही. दुसरी म्हणजे झिजलेला सांधा काढून धातूचा आणि प्लास्टिकचा नवा सांधा बसवायचा. तो वाकतो, पण सैल होऊ शकतो, झिजू शकतो, मग पुन्हा ऑपरेशन.

हाडं जोडायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पाइपलाइन आली. मी खात्यातल्या रुबाबात म्हणालो, "पक्का जॉइंट मारून टाका डॉक्टर, पुढे गळतीची भानगड नको." डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर संपूर्ण वेळ पाहिलं नाही.

उस्तादांनी एवढंच विचारलं, "जोडल्यावर ब्रेक दाबता येईल का?"

"झटकन दाबणं अवघड जाईल," डॉक्टर म्हणाले. "नव्या सांध्याने जमू शकेल, पण हमी देत नाही. गुडघ्याइतकं हे ऑपरेशन सर्रास होत नाही. पळणं, उड्या मारणं बंद."

"उड्या कुठं मारायच्यात? ब्रेक मारायचाय."

उस्तादांच्या घरचे सगळे हाडं जोडण्याच्या बाजूचे होते. गुडघे बदललेल्या बायका आमच्या वसाहतीत पैशाला पासरी, पण घोटा बदललेला कुणी पाहिला नव्हता. शिकवण्याचं काम त्यांच्या पुतण्याने करावं आणि उस्तादांनी स्कूलच्या टेबलाशी बसावं, असं ठरत होतं. मीही अक्कल पाजळली, की डावा पाय धडधाकट आहे, त्याने ब्रेक दाबा. "डावा क्लचचा हाये," ते म्हणाले. मग हळू आवाजात बोलले, "साहेब, ही सीट सुटली तर मंग मी कोण?" त्यांनी नवा सांधा बसवून घेतला.

ऑपरेशनला नेताना वॉर्डबॉयने ट्रॉली जरा जोरात ढकलली, तर चादरीखाली उजवा पाय दाबला गेला आणि ते कळवळले. पुढे प्लास्टर, मग कुबड्या, मग पायाला रबरी पट्टा अडकवून खाली-वर करायचा व्यायाम. "आता मी शिकाऊ," ते म्हणायचे. पाय दुखला की शिव्या सांध्याला द्यायचे आणि लगेच गोंजारायचे. मी मधल्या काळात पुतण्याबरोबर सराव केला आणि लायसन्सही मिळवलं. ते देणाऱ्याबद्दल पत्नीच्या मनात अजून शंका आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी उस्तादांचा फोन आला. "या साहेब. पाय तपासायचाय. बाकीचे शिष्य बरे चालवतेत, त्यांचा काय उपेग?"

आम्ही पुन्हा त्या कोरड्या तलावात उतरलो. मी गाडी पळवली, वळवली आणि वेळेवर माझ्याच पायाने थांबवली. पुन्हा तेच. उस्तादांचा पाय नुसताच वाट पाहत राहिला. "आजच शहाणपण सुचलं व्हय?" ते चिडले. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते घाबरले होते, आणि मला तोवर ते कळलं नव्हतं. मी मुद्दाम चुकायचा प्रयत्न केला, पण तेही मला जमेना.

"जाऊ द्या," ते बाहेर बघत म्हणाले. "तुम्ही मात्र शिकलात हां."

उस्तादांच्या तोंडून कौतुक! मी फुलून त्यांच्याकडे वळलो, आभार मानू लागलो, आणि पुढे पाहिलं तर सांडव्याची भिंत. मी सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला. तो अर्थात अ‍ॅक्सिलरेटर होता.

गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. धूळ हळूहळू खाली बसली. उस्तादांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. ते खाली आपल्या पायाकडे पाहत होते.

"लागला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुम्ही कधी सुधरू नका."

पुढे त्या सीटवरून त्यांनी कितीतरी जणांना शिकवलं. गेले ते हृदयविकाराने. घोटा शेवटपर्यंत शाबूत होता. त्यांना गंगापूरकडच्या गावी नेताना मी शववाहिकेत ड्रायव्हरशेजारी, डाव्या सीटवर बसलो होतो. एका फाट्यावर टँकर अचानक आडवा आला. ड्रायव्हरने गाडी थांबवली. माझाही उजवा पाय खाली दाबलेला होता, नुसत्या पत्र्यावर.

ड्रायव्हरने माझ्या पायाकडे पाहिलं. "तुम्हीबी उस्तादांचेच का?"

मी हो म्हणालो, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिथे फुटलं. टँकर गेला तरी माझा पाय तसाच दाबलेला होता.