पाटकरीमामांच्या वहीतली बारा नावं

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे परभणीत मला ओळखणारं कोणीही सांगेल. पण त्या हिवाळ्यात मी सगळ्यात जास्त चिडले ती माझ्यावरच.

नामांतराचा प्रश्न पेटलेला होता, ती वर्षं. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या एका कचेरीत मी कॉम्प्युटरवर बसत असे. एक मशीन परभणीत माझ्यापुढे, दुसरं जिंतूरच्या उपकचेरीत. काम तीन प्रोग्रामांचं. पहिल्यात शेतकऱ्यांचे अर्ज भरायचे, दुसरा कोणाला किती तास पाणी ते काढायचा आणि तिसरा पाळीच्या चिठ्ठ्या छापायचा. तिन्ही मीच लिहिलेले, त्यामुळे खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं नव्हतं.

आमच्याकडे जमीन एकर-गुंठ्यांत सांगतात. अर्जावर २.२० लिहिलं की दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे शेतकऱ्याच्या लेकीला शाळेत शिकवावं लागत नाही. साहेबांना सगळ्या क्षेत्राची बेरीज हवी होती, म्हणून मी पहिल्या प्रोग्राममध्ये सुधारणा केली. २.२० भरलं की तो आतल्या आत २.५० करून ठेवायला लागला. आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये तसा बदल करायचा मी साफ विसरले! त्यानं २.५० म्हणजे दोन एकर पन्नास गुंठे असं धरलं आणि अडीच एकरवाल्याला सव्वातीन एकराचं पाणी दिलं. पन्नास गुंठे ऐकून गावातलं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. मशीन कशाला हसतंय? मी ते प्रोग्राम खुशाल जिंतूरला पाठवले आणि तिथं तशाच चिठ्ठ्या छापल्या गेल्या.

वरच्या शेतांना जादा तास मिळाले, पाळी लांबत गेली. जिंतूरकडच्या एका चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघालेल्या लहान पाटाच्या, अगदी टोकाला एका विधवा बाईंचा एकरभर गहू होता. कालवा मंगळवारी बंद होणार होता आणि त्यांच्या चिठ्ठीवर वार होता बुधवार.

आठवड्याभरानं त्या चारीचे पाटकरी, म्हणजे पाण्याची दारं उघडणारे-लावणारे, थेट परभणीला आले. वयानं माझ्या वडिलांएवढे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. वहाणा दाराबाहेर काढून ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"ताई, वीस वरसं मी बोटावर पाळ्या लावल्या. कोणी ब्र काढला न्हाई. आन् परवा भर चावडीत ती बाई मला इचारती, मामा, माझं पाणी कोणाला इकलं? काय सांगू मी तिला? मशीननं इकलं म्हनू?"

मी आधी फणकारले. अर्जच उशिरा आले असतील, कारकुनानं चुकीचं भरलं असेल, काय काय बोलले.  मग मामांसमोरच मी कागद काढून हिशेब ताडला आणि पन्नास गुंठे दिसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या तोंडून शब्द निघाला, "मामा, पुन्हा चुकीची चिठ्ठी तुमच्या हातात पडणार नाही."

"गहू आजून जित्ता हाय," मामा म्हणाले. "फुडच्या पाळीला पाणी लागलं तर वाचतंय. न्हाई लागलं तर गेला."

शब्द देऊन बसले, आता पाळायचा कसा? दर वेळी डोळ्यांनी तपासेन म्हणण्यात अर्थ नव्हता. माझे डोळे माझ्याच चुकीला सामील होते. मग मी मामांकडे त्यांची जुन्या पाळ्यांची वही मागितली. वही ते सोडेनात. कंबरेच्या पिशवीतून काढून त्यांनी ती स्वतःच धरून ठेवली आणि मी बारा नावं उतरवून घेतली. कोणाचं क्षेत्र किती, कोणाला किती तास, कोणता वार. गावानं कधी हरकत न घेतलेल्या पाळ्या होत्या त्या.

पन्नास गुंठे मी त्याच दिवशी निस्तरले आणि पुढचे पंधरा दिवस एकच काम केलं. एक शब्द टाइप केला की मशीन ती बारा नावं आपणहून पहिल्या प्रोग्राममध्ये घालायचं, दुसऱ्यातून तास काढायचं, तिसऱ्यातून चिठ्ठ्या काढायचं आणि मामांच्या उत्तरांशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. एकही अक्षर चुकलं की पडद्यावर 'नापास', आणि फ्लॉपी तयारच करायची नाही. पास झालं तर तिन्ही प्रोग्राम एकाच फ्लॉपीवर. एक सुधारलेला आणि दोन जुने, असली भानगडच नको. जिंतूरच्या कारकुनानंही एकच शब्द टाइप करायचा. जुने प्रोग्राम बाजूला ठेवून नवे बसवायचे आणि तिथं पुन्हा तीच बारा नावं तपासायची, हे सगळं फ्लॉपीच करणार. तिथं नापास झालं तर जुने परत जागेवर. साहेब म्हणाले, "एवढ्या प्रोग्रामसाठी एवढं अवडंबर?" मी म्हटलं, "साहेब, चावडीत तुम्ही जाता का उभं राहायला?"

पाळीचा दिवस जवळ आला. नामांतरावरून दुसऱ्या दिवशी बंद पुकारलेला, म्हणजे एसटी डेपोतून हलणार नव्हती. फ्लॉपी न्यायला मामाच आले होते आणि दुपारच्या गाडीनं त्यांना परतायचं होतं. मी ऐटीत शब्द टाइप केला.

नापास.

"कोण नापास झालं, ताई?" बाकावरून मामांनी विचारलं.

"मी!" मी ओरडले. सकाळीच साहेबांच्या सांगण्यावरून चिठ्ठीवर गावाच्या नावाची जागा थोडी वाढवली होती, बस्स. एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय? पुन्हा टाइप केलं. पुन्हा नापास! साहेब दारात येऊन म्हणाले, "अहो, ती तपासणी राहू द्या, नुसते प्रोग्राम कॉपी करून द्या. गाडी जाईल." खरं सांगते, हात तिकडे गेलाही होता. पण मामा माझ्याकडे बघत होते. हात मागे घेतला आणि बारा चिठ्ठ्या एकेक करून वाचायला लागले. आठवीवर सापडलं. लांबलचक नावाच्या गावानं शेवटचा आकडा रेघेबाहेर ढकलला होता. तीन तास तीस मिनिटांच्या जागी तीन तास तीन मिनिटं.

दुरुस्त केलं. पास. फ्लॉपी रुमालात गुंडाळून मामा रिक्षाकडे धावले. मी खुर्चीत बसले आणि इतकी हसत सुटले की शिपायानं न विचारता पाणी आणून ठेवलं.

पाळी संपल्यावर मामा आले. मला धड विचारवेना.

"काय झालं, मामा?"

"काय व्हायचंय? सोमवारी बाईनं पाणी घेतलं. मंगळवारी मी दार लावलं. घरी जाऊन जेवलो."

एवढंच. छातीवरचा धोंडा उतरला. मी पदर डोळ्यांना लावला, तर मामा म्हणाले, "रडायलाय का? गहू लय चांगला हाय की!"

पुढच्या पाळीच्या चिठ्ठ्या परभणीतच छापल्या होत्या. गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि मी वाट बघत राहिले, कारण मामा नेहमी एकेक चिठ्ठी बोटावर मोजून घेतात, असं जिंतूरचा कारकून सांगायचा. त्या दिवशी त्यांनी गठ्ठ्याच्या तळातून एकच चिठ्ठी ओढून काढली. टोकाच्या बाईंची. तिच्यावरचा वार वाचला, ती परत जागेवर सरकवली आणि बाकीचा गठ्ठा न बघता पिशवीत टाकला.

"मोजायच्या नाहीत का, मामा?"

"तुमच्यापाशी ते नापास करायचं हाय न्हवं? मग मी कशाला खामखा मोजू," ते म्हणाले आणि वहाणा घालायला दाराकडे गेले.