कमी भरलेला नायट्रोजन आणि काशिनाथ मामा

नव्वदच्या आसपासचा एक सोमवार. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजची बॉटनीची लॅब, आणि मी गाईड मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून एका सज्जन माणसाची तक्रार करत होते... आजही आठवलं की कान गरम होतात.

मी तेव्हा डोंबिवलीहून एम.एस्सी.ला यायचे. कॉलेजच्या गच्चीवर माझे प्लास्टिकचे दोन तंबू होते, दोन्हींत गव्हाच्या कुंड्या, माती आणि खत अगदी सारखं. एका तंबूत साधी हवा. दुसऱ्यात वागळे इस्टेटमधून आणलेल्या सिलिंडरमधून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड... सोडावॉटरवाले वापरतात तोच.

गॅसवाला गहू असा तरारला की मी मैत्रिणींना मुद्दाम गच्चीवर नेऊन दाखवायचे. रोपं एवढी जोमदार, म्हणजे पानांत नायट्रोजनही जास्तच असणार, हे मी ठरवूनच टाकलेलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी... निष्कर्षाचं पानसुद्धा आधीच लिहून तयार होतं.

नायट्रोजन मोजायचं काम लॅब असिस्टंट काशिनाथ मामांचं. पानं वाळवायची, कुटायची, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायची, मग नायट्रोजनचा झालेला अमोनिया काढून मोजायचा. मामा खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, वीसेक वर्षं हेच करत होते. नाजूक तराजू ठेवलेल्या बॅलन्स रूमची किल्ली अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये फक्त त्यांच्या खिशात असायची.

त्यांनी दिलेला आकडा बघून मी गारच पडले. गॅसवाल्या पानांत नायट्रोजन चक्क कमी होता. प्रोजेक्ट सबमिट करायला तीन आठवडे उरलेले, आणि ते लिहून ठेवलेलं पान डोळ्यांसमोर नाचायला लागलं... मी तडक मॅडमकडे गेले आणि म्हटलं, मामांच्या हातून अमोनिया उडून गेला असणार.

मॅडमचा चेहरा उतरला. "तसं असेल तर हे काम त्यांच्याकडून काढून घ्यावं लागेल," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी मामांना बोलावलं. प्रकरण इतक्या थराला जाईल असं मला वाटलंच नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही, हे खरं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन आपली वही आणली आणि मॅडमसमोर उघडून ठेवली... प्रत्येक सॅम्पलपुढे एक नाही, तीन तीन आकडे. तिन्ही जवळजवळ सारखे. शेवटी अमोनियम सल्फेट घालून उपकरणही तपासलेलं, त्यातला नायट्रोजन आधीच माहीत असतो ना, तो बरोबर आला होता.

"पहिला आकडा कमी आला तवा मला पन वाटलं, माझंच चुकलं," मामा म्हणाले. "म्हनून परत केलं. मग आनखी एकदा."

मॅडम वही बघता बघता हसायलाच लागल्या. पानातल्या नायट्रोजनचा मोठा वाटा कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइममध्ये अडकलेला असतो, त्यांनी सांगितलं. गॅस मुबलक मिळाला की पान ते एन्झाइम कमी बनवतं, म्हणून नायट्रोजनही कमी लागतो. बिघाड नव्हताच तो... तोच माझा निष्कर्ष होता.

मी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. मामांना ते कळलं असावं.

"बाय, खाडीत मावरं भरपूर असलं का दोन जाळी पुरतात," ते म्हणाले. "मावरं कमी झालं का दहा टाकावी लागतात. जाळ्याला सूत लागतं ना... तुझा नायट्रोजन म्हंजे सूत. मावरं दारात आलंय, तर झाड कशाला जाळी विनत बसंल?"

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी तर शरमेने अर्धी झाले होते. दोन वर्षं पुस्तकं वाचून मला जे दिसलं नाही, ते या माणसाला मॅडमच्या दोन वाक्यांत सरळ दिसलं होतं.

मॅडम गेल्यावर मी माफी मागितली. मामांनी खिशातून बॅलन्स रूमची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "राहिलेल्या पानांचं वजन तूच कर," म्हणाले. "आन् येईल तोच आकडा लिव."

ज्याच्या हातावर मी सकाळी शंका घेतली, त्याने दुपारी माझ्या हातावर विश्वास टाकला. आकडा चुकीचा वाटला तेव्हा मामांनी आधी स्वतःला तपासलं, आणि मी आधी त्यांना...

पुढे मीही बरीच वर्षं मुलांना शिकवलं. आकडा मनासारखा आला नाही की आजही आधी स्वतःची वही उघडते. मामा, ही सवय तुमची आहे, मी फक्त सांभाळली.